पोस्टपेड नंबर बंद केल्यानंतर आलेलं बिल: तक्रारीपासून नो ड्यूजपर्यंत

पोस्टपेड कनेक्शन बंद केल्यानंतरही बिल येतं, तेव्हा बहुतेक जण दोन टोकांपैकी एक गाठतात. एक तर कटकट नको म्हणून गुमान भरून टाकतात, नाहीतर रागाने एक रुपयाही भरत नाहीत. दोन्हींत नुकसान आहे. पहिल्यात पैसे जातात. दुसऱ्यात खरी देणी आणि खोटी देणी एकाच थकबाकीत मिसळतात, आणि मग वसुलीवाल्यांच्या फोनला ठाम उत्तर देता येत नाही. स्वतःच्या आणि ओळखीच्यांच्या बंद कनेक्शनांचे असे वाद मी शेवटपर्यंत नेले आहेत. त्यातून पक्कं झालेलं मत असं, की पैसे परत मिळतात ते तारखेच्या जोरावर. कनेक्शन बंद करण्याची विनंती कोणत्या दिवशी दिली, त्याचा पुरावा काय आणि त्या दिवसापर्यंतचं देणं नेमकं किती, या तीन गोष्टी कागदावर असल्या की बाकीचं काम चिकाटीचं.

आधी बिल समोर घ्या. एसएमएसमध्ये आलेला आकडा पुरत नाही, तपशीलवार बिलाची पीडीएफ लागते. इथेच पहिली अडचण येते. कंपनीच्या ॲपमध्ये शिरायला ओटीपी लागतो आणि तो त्याच बंद झालेल्या नंबरवर जातो, त्यामुळे जुनी बिलं, कनेक्शन घेताना भरलेल्या ठेवीची पावती, प्लॅनच्या अटी सगळंच कुलूपबंद होतं. ज्यांचं कनेक्शन अजून चालू आहे त्यांनी विनंती देण्याआधीच मागच्या सहा महिन्यांची बिलं, प्लॅनच्या पानाचा स्क्रीनशॉट आणि ग्राहक खाते क्रमांक उतरवून ठेवावा. हा खाते क्रमांक मोबाइल नंबरपेक्षा वेगळा असतो आणि पुढचा सगळा पत्रव्यवहार त्याच्यावरच चालतो. ज्यांचा नंबर आधीच बंद झाला आहे त्यांनी ओळखपत्र घेऊन कंपनीच्या गॅलरीत, म्हणजे ग्राहक सेवा दुकानात जावं आणि शेवटच्या बिलाची प्रत व नोंदवलेला ईमेल दुरुस्त करून मागावा. ईमेल दुरुस्त झाला की पीडीएफ घरी येते.

बिल हातात आलं की प्रत्येक ओळ वेगळी वाचायची. एकूण रकमेवर भांडण लढताच येत नाही.

सगळ्यात जास्त चूक सापडते ती मासिक भाड्यात. बिलाचं चक्र महिन्याच्या 1 तारखेलाच सुरू होतं असं नाही. ते 8 ते 7, 15 ते 14 असं कसंही असतं. समजा भाडं 499 रुपये आहे, चक्र 8 जून ते 7 जुलै असं 30 दिवसांचं आहे आणि बंद करण्याची विनंती 14 जूनला दिली. देणं होतं सात दिवसांचं: 499 गुणिले 7 भागिले 30, म्हणजे 116.43 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 137.39 रुपये. प्रत्यक्षात बिल येतं पूर्ण महिन्याचं, जीएसटीसह 588.82 रुपये. वादाची रक्कम झाली 451.43 रुपये. हा हिशेब कागदावर मांडूनच तक्रार करावी, कारण ‘बिल जास्त आलंय’ या वाक्याला ‘बिल बरोबर आहे’ एवढंच उत्तर मिळतं. समोर आकडा ठेवला की त्यांनाही आकड्यानेच उत्तर द्यावं लागतं. काही प्लॅनमध्ये भाडं आगाऊ घेतात. तसं असेल तर आधीच्याच बिलात हे सात दिवस भरून झालेले असतात आणि उलट कंपनीच तुमचं देणं लागते. जुन्या बिलात भाड्यापुढे कोणत्या तारखांचा कालावधी छापला आहे ते पाहिलं की हे लगेच कळतं.

पूर्ण महिना लागतो कसा? विनंती नोंदवणारी यंत्रणा आणि बिल काढणारी यंत्रणा बहुधा वेगळी असते. विनंती आली की ती आधी ग्राहक टिकवणाऱ्या विभागाकडे जाते. तिथून फोन येतो, स्वस्त प्लॅन देऊ करतात. तो फोन उचलला नाही किंवा ‘बघतो’ म्हटलं, तर विनंती परस्पर रद्द झाल्याची नोंद होऊ शकते. म्हणून फोन आलाच तर स्पष्ट सांगावं की बंदच करायचं आहे, आणि विनंती क्रमांक त्याच फोनवर पुन्हा वाचून दाखवायला लावावा. आणखी एक प्रकार कायम लक्षात ठेवण्यासारखा आहे. बंद करायला सांगितलं असताना नंबर सेफ कस्टडीत, म्हणजे तात्पुरत्या बंदीत टाकतात. फोन लागत नाही म्हणून माणसाला वाटतं काम झालं, आणि दरमहा छोटी रक्कम चढत राहते. पावतीवर ‘कायमस्वरूपी बंद’ असे शब्द आहेत का, ते गॅलरीतून बाहेर पडण्यापूर्वी वाचावं.

दुसरा मोठा गट फॅमिली प्लॅनचा. मुख्य नंबर बंद केला म्हणून त्याला जोडलेले नंबर आपोआप बंद होत नाहीत. ते कुठे स्वतंत्र खाती होतात, कुठे मुख्य खात्यावर तसेच लटकतात. विनंती अर्जात प्रत्येक नंबर वेगळा लिहावा. प्लॅनबरोबर आलेल्या ओटीटी सदस्यत्वांचंही तसंच. फुकट मुदत संपल्यावर ती सशुल्क झाली असतील तर ती वेगळी रद्द करावी लागतात.

रोमिंगच्या बाबतीत मात्र घाई करू नये. परदेशातल्या नेटवर्कवर केलेल्या वापराच्या नोंदी उशिरा पोचतात, त्यामुळे कनेक्शन बंद झाल्यानंतरच्या बिलात त्या आधीच्या तारखांच्या येणं रास्त असू शकतं. कॉल किंवा डेटाची तारीख विनंतीच्या आधीची आहे का, एवढंच तपासायचं. आधीची असेल आणि तेव्हा रोमिंग पॅक चालू असूनही सुटा दर लावला असेल, तर पॅक सुरू झाल्याचा एसएमएस हाच पुरावा.

लॅंडलाइन किंवा फायबर ब्रॉडबँड असेल तर मोडेमचे पैसे लागतात. उपकरण परत दिल्याची पावती नसेल तर ही ओळ हटवणं जवळपास अशक्य होतं. पावतीवर मोडेमचा सीरियल नंबर, ॲडॉप्टर दिल्याचा उल्लेख, तारीख आणि घेणाऱ्याची सही हवी. न्यायला आलेल्या तंत्रज्ञाकडे पावतीपुस्तक नसतं, तेव्हा सीरियल नंबरच्या स्टिकरचा फोटो काढावा आणि त्याच्यासमोरच तो फोटो कंपनीच्या ईमेलवर पाठवावा. उशीरशुल्काची ओळ या सगळ्यांच्या मागून येते. मूळ रकमेवरचा वाद सुटला की तिचाही आधार जातो, पण ती आपोआप निघत नाही, वेगळी मागावी लागते. तिच्यावरचा जीएसटीसुद्धा.

आता तक्रार. पहिली पायरी कंपनीचं तक्रार केंद्र. सर्व कंपन्यांचा तक्रारीचा क्रमांक 198 आहे, पण तो ज्या नेटवर्कवरून लावाल त्याच कंपनीला लागतो. जुना नंबर बंद आहे किंवा दुसऱ्या कंपनीत पोर्ट केला आहे, तर 198 लावून उपयोग नाही. जुन्या कंपनीचा दुसऱ्या नेटवर्कवरून लागणारा क्रमांक तिच्या बिलाच्या मागच्या पानावर असतो. फोन केलाच तर त्यावरचं बोलणं पुरावा मानू नये. पुरावा म्हणजे डॉकेट नंबर, तक्रारीचा नोंदणी क्रमांक. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या 2012 सालच्या तक्रार निवारण विनियमांनुसार प्रत्येक तक्रारीला तो द्यावाच लागतो. तो एसएमएसने येतो आणि जुन्याच नंबरवर गेला तर हाती लागत नाही, म्हणून चालू असलेला दुसरा नंबर आधी नोंदवून घ्यावा आणि डॉकेट नंबर फोनवरच लिहून घ्यावा. ‘चौकशी’ आणि ‘तक्रार’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत. प्रतिनिधीने चौकशी म्हणून नोंदवलं तर अपिलाचं दार उघडतच नाही, तेव्हा ‘बिलाची तक्रार म्हणून नोंदवा’ असं नेमकं सांगावं.

फोननंतर त्याच दिवशी ईमेल पाठवावा. मजकूर छोटा आणि आकड्यांचा असावा. मी वापरतो तो साचा असा:

‘माझं पोस्टपेड कनेक्शन (नंबर, ग्राहक खाते क्रमांक) कायमस्वरूपी बंद करण्याची विनंती 14 जून रोजी दिली असून तिचा विनंती क्रमांक अमुक आहे. पावती सोबत जोडली आहे. तरीही 8 जून ते 7 जुलै या कालावधीचं पूर्ण भाडं 499 रुपये व त्यावर जीएसटी आकारला आहे. देय भाडं सात दिवसांचं, जीएसटीसह 137.39 रुपये आहे. ही रक्कम मी अमुक तारखेला भरली असून व्यवहार क्रमांक अमुक आहे. उरलेली 451.43 रुपयांची आकारणी मला मान्य नाही. ती रद्द करून सुधारित बिल, ठेवीचा परतावा आणि थकबाकी नसल्याचा दाखला (नो ड्यूज) द्यावा. डॉकेट नंबर अमुक. उत्तर याच ईमेलवर द्यावं.’

यातलं वाद नसलेली रक्कम भरल्याचं वाक्य सगळ्यात मोलाचं आहे. मान्य असलेले पैसे मुदतीत भरले की ‘ग्राहक बिल भरत नाही’ हा आरोप टिकत नाही आणि वाद फक्त चुकीच्या ओळींपुरता उरतो. भरताना ॲप पूर्ण रकमेचाच आग्रह धरत असेल तर रक्कम बदलण्याची सोय शोधावी. ती नसेल तर गॅलरीत भरावी आणि पावती घ्यावी.

ऑटोपे चालू असेल तर तक्रारीच्या आधी त्याचा बंदोबस्त करायचा. कार्ड किंवा यूपीआयवरच्या नियमित वसुलीसाठी पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना देणं रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बंधनकारक आहे, आणि त्या सूचनेत रक्कम व तारीख असते. ही सूचना आली की तिथूनच किंवा बँकेच्या ॲपमधून ती वसुली थांबवता येते. यूपीआय ऑटोपे ज्या ॲपमध्ये सुरू केलं त्याच ॲपच्या मॅन्डेट, म्हणजे वसुलीच्या परवानगीच्या विभागात रद्द होतं. बँक खात्यातून परस्पर पैसे कापण्याचं नॅच मॅन्डेट मात्र बँकेत अर्ज देऊन रद्द करावं लागतं आणि त्याला थोडा वेळ जातो. ऑटोपे रद्द केलं म्हणजे कनेक्शन बंद झालं असं अजिबात नाही. बिल चढतच राहतं, फक्त कापलं जात नाही. योग्य क्रम असा: बंद करण्याची विनंती द्या, तिची पोच घ्या, त्याच दिवशी मॅन्डेट रद्द करा, शेवटचं बिल तपासून हाताने भरा. कार्डावरून पैसे गेलेच असतील तर कंपनीकडच्या तक्रारीबरोबर बँकेकडे चार्जबॅकची, म्हणजे कापलेले पैसे परत फिरवण्याचीही मागणी करता येते. तिथेही बंद करण्याच्या विनंतीची पोचच मागतात.

बिलाच्या तक्रारीसाठी ट्रायच्या गुणवत्ता मानदंडांत चार आठवड्यांची मुदत आहे, आणि निकाल ग्राहकाच्या बाजूने लागला तर रक्कम वळती करायला पुढचा एक आठवडा. या मुदतीत हमखास एक गोष्ट घडते: ‘तुमची तक्रार सोडवली आहे’ असा संदेश येतो आणि बिलात काहीच बदललेलं नसतं. पुन्हा पहिल्यापासून तक्रार नोंदवायचा मोह इथे टाळावा. नवा डॉकेट घेतला की घड्याळ पुन्हा शून्यावर जातं. उत्तर मान्य नसेल किंवा मुदत उलटली असेल, तर त्याच डॉकेटवर अपील करायचं.

अपील प्राधिकरण प्रत्येक कंपनीत असतं आणि अपिलाला शुल्क नाही. मुदत टळून गेल्यापासून किंवा उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील दाखल करावं. कंपनीच्या संकेतस्थळावर अर्ज असतो, ईमेल आणि टपालही चालतं. अपील आधी दोन सदस्यांच्या सल्लागार समितीपुढे जातं. एक सदस्य कंपनीचा, दुसरा ट्रायकडे नोंदलेल्या ग्राहक संघटनेचा. 39 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. ही पायरी अनेक जण ‘कंपनी स्वतःविरुद्ध काय निकाल देणार’ म्हणून गाळतात. माझा अनुभव उलटा आहे. अपील आलं की पहिल्यांदाच कोणीतरी फाइल आणि बिल उघडून वाचतं, आणि सात दिवसांचं भाडं की तीस दिवसांचं हा साधा प्रश्न तिथे सुटतो. अपिलात नवी कहाणी लिहू नये. मूळ ईमेल, बिल, विनंतीची पोच, भरणा पावती आणि ‘सोडवली’ असा आलेला संदेश ही पाच कागदपत्रं जोडावीत आणि ओळीनुसार मागणी लिहावी. कनेक्शन घेतेवेळी भरलेली ठेव परत आली नसेल तर तीही याच अपिलात मागावी. कनेक्शन बंद होऊन ठरलेली मुदत उलटली तरी ठेव परत न येणं ही स्वतंत्र तक्रार आहे.

थेट ट्रायकडे तक्रार पाठवून मात्र फारसं हाती लागत नाही, कारण वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करणं ट्रायच्या अधिकारात नाही. केंद्राच्या तक्रार पोर्टलवर दूरसंचार विभागाकडे तक्रार नोंदवता येते, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वरून कंपनीच्या वरच्या कार्यालयाशी संपर्क साधून दिला जातो. दोन्हींकडे डॉकेट आणि अपील क्रमांक विचारतात. ते नसतील तर तुम्हाला परत पहिल्या पायरीवर पाठवतात.

एवढ्यानेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. दूरसंचाराच्या तक्रारी तिथे चालत नाहीत, असं अजूनही काही जण सांगतात. 2009 च्या एका निकालामुळे तसा समज रुजला होता. सर्वोच्च न्यायालयाने 16 फेब्रुवारी 2022 च्या निकालात ग्राहक आयोगांना हा अधिकार असल्याचं स्पष्ट केलं आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. चार-पाचशे रुपयांसाठी तिथवर जायचं का, हे ज्याने त्याने ठरवावं. वसुलीचा त्रास किंवा खराब झालेला क्रेडिट अहवाल असेल, तर जावं असं मला वाटतं.

पोर्ट करून गेलेल्यांसाठी एक वेगळा धोका आहे. पोर्टसाठीचा यूपीसी हा कोड मिळाला म्हणजे जुनी देणी मिटली, असं नाही. देय तारीख उलटलेलं बिल बाकी असेल तर कोडच मिळत नाही, पण पोर्ट होईपर्यंतच्या दिवसांचं शेवटचं बिल नंतर येतंच. ते न भरल्यास जुनी कंपनी नव्या कंपनीमार्फत नंबरवरची सेवा बंद करायला लावू शकते. तशी सूचना नव्या कंपनीकडून आली, तर दुर्लक्ष न करता त्याच दिवशी वादाचा डॉकेट नंबर आणि मान्य रक्कम भरल्याची पावती दोन्ही कंपन्यांना पाठवावी. पोर्ट झालेल्यांना जुन्या कंपनीचं बिल ईमेलवर मिळत राहील, याची खात्री पोर्टच्या आधीच करावी. ज्यांनी नंबर पूर्ण सोडला आहे त्यांनी बँक, आधार आणि यूपीआयमधला नंबर तातडीने बदलावा, कारण किमान 90 दिवसांनंतर तो दुसऱ्या कोणाला दिला जाऊ शकतो.

वसुली एजन्सीचे फोन सुरू झाले तर फोनवर वाद घालू नये, पैसेही भरू नयेत. त्यांचं नाव, ईमेल आणि खाते क्रमांक मागावा आणि ‘ही रक्कम वादग्रस्त असून डॉकेट अमुक, अपील अमुक’ असं लेखी कळवून कंपनीला त्याची प्रत द्यावी. कधी राष्ट्रीय लोकअदालतीची दाखलपूर्व नोटीस येते. शिक्का पाहून माणसं घाबरतात. ही तडजोडीची बैठक आहे. तिथे जावं, कागद दाखवावेत, पटेल तरच तडजोड करावी, कारण तडजोडीवर सही झाली की तो निवाडा हुकूमनाम्यासारखा अंतिम असतो आणि त्यावर अपील नाही. सही करण्याची सक्ती कोणी करू शकत नाही.

बिल रद्द झाल्याचा संदेश आला तरी फाइल बंद करू नये. क्रेडिट नोट (रक्कम वजा केल्याचा कागद) किंवा शून्य रकमेचं सुधारित बिल आणि थकबाकी नसल्याचा दाखला, दोन्ही मागून घ्यावेत. दाखल्यावर ग्राहक खाते क्रमांक आणि जोडलेले सगळे नंबर लिहिलेले असावेत. दूरसंचार थकबाकीची नोंद क्रेडिट अहवालातही जाते, म्हणून दोनेक महिन्यांनी अहवाल उघडून पाहावा. सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. त्यात हे खातं ‘थकीत’, ‘सेटल्ड’ किंवा ‘राइट ऑफ’ (बुडीत) असं दिसलं तर तिथेच ऑनलाइन हरकत नोंदवावी आणि दाखला जोडावा. ‘सेटल्ड’वर समाधान मानू नये. सेटल्ड म्हणजे देणं होतं आणि कमी भरलं अशी नोंद. इथे ते देणंच नव्हतं, म्हणून नोंद काढून टाकण्याची किंवा ‘बंद, थकबाकी शून्य’ अशी दुरुस्त करण्याचीच मागणी करावी.